कॉम्प्युटर गोल्फमध्ये पटिंग: स्पीड आणि ब्रेक कसा ओळखायचा, नवीन खेळणाऱ्यांसाठी

गोल्फ गेम नवीन घेतला की सगळे आधी ड्राइव्ह मारायला शिकतात, साहजिकच आहे, बॉल ३०० यार्ड लांब गेला की मजा येतेच. पण पार, म्हणजे होलसाठी अपेक्षित फटके, ठरवताना प्रत्येक होलला दोन पट धरलेले असतात (पट म्हणजे ग्रीनवर, होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, बॉल घरंगळवायचा फटका), म्हणजे पार ७२ च्या १८ होलच्या कोर्सवर ३६ फटके ग्रीनवरचेच झाले. स्कोर खाली आणायचा असेल तर सगळ्यात जास्त जागा इथेच आहे, आणि नवीन माणूस सगळ्यात जास्त गोंधळतो तोही इथेच, कारण स्क्रीनवर ग्रिड, म्हणजे ग्रीनवर आखलेली चौकोनी जाळी, दिसतं, त्यावर ठिपके पळत असतात, कोपऱ्यात कसलेतरी इंच लिहिलेले असतात आणि या सगळ्याचं करायचं काय ते गेम कधी नीट सांगत नाही.

हे एका कुठल्या गेमपुरतं नाहीये. पीजीए टूर २के घ्या, ईए स्पोर्ट्स पीजीए टूर घ्या, डब्ल्यूजीटी (वर्ल्ड गोल्फ टूर) घ्या नाहीतर सिम्युलेटर, बटणं वेगळी असतात पण बॉल ग्रीनवर का वळतो आणि कुठे थांबतो याचं गणित सगळीकडे जवळपास एकच असतं. खाली दिलेले आकडे खऱ्या ग्रीनच्या फिजिक्सवरून काढलेत, तुमच्या गेममध्ये थोडा फरक पडेल, तो कसा शोधायचा तेही सांगतो.

एक गोष्ट आत्ताच डोक्यात पक्की करा. आधी स्पीड, मग ब्रेक (ब्रेक म्हणजे उतारामुळे बॉलचं बाजूला वळणं). बॉल किती वेगाने होलपाशी पोचणार हे ठरल्याशिवाय तो किती वळणार या प्रश्नाला उत्तरच नसतं. एकाच जागेवरून त्याच होलमध्ये बॉल घालायच्या डझनभर वेगवेगळ्या लाइन असू शकतात आणि प्रत्येकीचा स्पीड वेगळा असतो. नवीन लोक आधी लाइन बघतात, एम (नेम) लावतात आणि मग पॉवरचा अंदाज घेतात, म्हणजे क्रमच उलटा होतो, आणि मग "गेमने फसवलं" असं वाटत राहतं.

काय काय लागेल

- प्रॅक्टिस मोड किंवा प्रॅक्टिस ग्रीन. नसेल तर एकट्याने एखादा कोर्स उघडून खेळला तरी चालतं
- वही-पेन, किंवा फोनवरची नोट. हे टाळू नका, आकडे डोक्यात राहत नाहीत
- ज्याने नेहमी खेळता तोच कंट्रोलर किंवा माउस. प्रॅक्टिस माउसने आणि मॅच कंट्रोलरने असं केलं तर सगळी मापं परत घ्यावी लागतील
- टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीचा गेम मोड चालू. पॉवर बार (फटक्याचा जोर दाखवणारी पट्टी) क्लिक करून थांबवायचा असेल तर स्क्रीन जेवढी उशिरा दाखवते तेवढं तुमचं क्लिक चुकतं

१. सेटिंग्ज ठरवा आणि मग हात लावू नका

अंतराचं एकक बघा. फूट आणि इंच ठेवलं तर पुढचं गणित सोपं जातं, ते का ते चौथ्या पायरीत कळेल. काही गेममध्ये बॉल ग्रीनबाहेर असला की अंतर यार्डात दिसतं आणि ग्रीनवर आला की फुटात, तिकडे लक्ष असू द्या, ४ यार्ड म्हणजे १२ फूट.

डिफिकल्टी लेव्हलही एकच ठेवा. बऱ्याच गेममध्ये सोप्या लेव्हलला गेम तुमची चूक थोडी सांभाळून घेतो, लेव्हल वाढवली की तोच हात वेगळा रिझल्ट देतो. पटचा प्रिव्ह्यू दाखवणारी सोय असेल तर सुरुवातीला चालू ठेवा, पण वापरायची पद्धत वेगळी आहे, ती शेवटी येते.

२. तुमचा पॉवर बार नक्की काय मोजतो ते शोधा

ही पायरी जवळजवळ सगळे सोडून देतात, आणि मला विचाराल तर हीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

प्रॅक्टिस ग्रीनवर शक्य तितकी सपाट जागा शोधा, जिथे ग्रिडवरचे ठिपके जवळपास स्थिर असतील. तिथून बॉल मारा, होलकडे बघायचंच नाही, फक्त बॉल किती लांब जाऊन थांबला ते लिहून ठेवायचं. बार पूर्ण भरून काही पट, मग अर्धा भरून, मग पाव. प्रत्येकाचे निदान तीन-चार पट मारा आणि सरासरी घ्या.

आता आकडे बघा. समजा पूर्ण बारला बॉल ४० फूट गेला. अर्ध्या बारला २० फूट गेला तर तुमच्या गेमचा बार सरळ अंतर मोजतो, उत्तम, काही डोकं लावायला नको. पण अर्ध्या बारला जेमतेम १० फूटच गेला तर बार बॉलचा वेग मोजतोय, कारण ग्रीनवर बॉल किती लांब जाईल ते वेगाच्या वर्गावर ठरतं, वेग निम्मा केला की अंतर चौथा हिस्सा होतं. अशा गेममध्ये "अर्धं अंतर आहे म्हणून अर्धी पॉवर" असं केलं की प्रत्येक पट तोकडा पडतो. तिथे अर्ध्या अंतरासाठी साधारण ७० टक्के बार लागतो. दोन्ही प्रकारचे गेम आहेत, म्हणून एकदा मोजून बघणं आलंच.

स्टिक किंवा माउस मागे-पुढे करून मारायचा गेम असेल तर आणखी एक गोष्ट तपासा, हळू ओढून मारलं आणि झटक्यात मारलं तर अंतर बदलतं का? बदलत असेल तर एकच लय पकडा आणि छोटा पट असो की मोठा, तीच ठेवा. लय बदलत राहिली तर पुढची सगळी मापं फुकट जातात.

या पायरीच्या शेवटी तुमच्याकडे छोटासा तक्ता असेल, ५, १०, २०, ३०, ४० फुटांना सपाट ग्रीनवर किती बार लागतो त्याचा. पुढे या अंतराला मी "सपाट फूट" म्हणणार आहे, कारण प्रत्येक पट, चढावरचा असो की उतारावरचा, शेवटी सपाट फुटांतच बदलून घ्यायचा असतो.

३. ग्रीनचा स्पीड समजून घ्या

ग्रीनचा स्पीड स्टिंपमध्ये सांगतात. एडवर्ड स्टिंप्सन नावाच्या गोल्फरने १९३५ मध्ये हे मोजायचं साधन बनवलं आणि अमेरिकन गोल्फ असोसिएशनने १९७० च्या दशकात त्यात सुधारणा करून ते वापरात आणलं. साधन अगदी साधं आहे, ३६ इंच लांबीची खोबण असलेली पट्टी, बॉल खाचेत ठेवायचा, पट्टी हळूहळू उचलायची, साधारण २० अंशाला बॉल आपोआप सुटतो आणि ग्रीनवर जितके फूट जातो तितका स्टिंप. १० फूट गेला तर स्टिंप १०. उलट दिशेनेही मोजतात आणि सरासरी घेतात, म्हणजे थोडासा उतार असला तरी फरक पडत नाही.

ढोबळ मानाने स्टिंप ८ म्हणजे हळू ग्रीन, १० म्हणजे बऱ्यापैकी, १२ च्या पुढे म्हणजे मोठ्या स्पर्धांमधले फास्ट ग्रीन. काही गेम हा आकडा देतात, काही नुसते "स्लो, मीडियम, फास्ट" असे शब्द देतात, काहींचे स्वतःचेच वेगळे आकडे असतात.

इथे तपासायची गोष्ट ही की पॉवर बारजवळ जे अंतर लिहिलेलं असतं ते ग्रीनच्या स्पीडप्रमाणे बदलतं का. काही गेममध्ये बदलतं, म्हणजे "२० फूट" मारला की स्लो ग्रीनवरही २० फूटच जाणार. काहींमध्ये नाही बदलत, आणि मग फास्ट ग्रीनवर तोच २० चा पट २४ फूट जातो. दोन वेगवेगळ्या स्पीडच्या ग्रीनवर सपाट जागी एकेक पट मारला की लगेच कळतं.

४. चढ-उताराचे फूट करा

बहुतेक गेम तुम्हाला सांगतात की होल बॉलपेक्षा किती इंच वर किंवा खाली आहे. हा आकडा पटिंगमधला सगळ्यात कामाचा आकडा आहे.

नियम असा: स्टिंप १० च्या ग्रीनवर १ इंच चढ म्हणजे साधारण १ फूट जास्त मारायचा, १ इंच उतार म्हणजे १ फूट कमी. २० फुटांचा पट, होल ४ इंच वर, तर २४ सपाट फूट. होल ४ इंच खाली, तर १६ सपाट फूट. फिजिक्सने नीट काढलं तर इंचाला पावणेतेरा इंच येतात, पण एक फूट धरला तरी खेळताना चालतं, फक्त उंचीचा फरक मोठा असेल, म्हणजे ८-१० इंचांच्या वर, तर अर्धा-पाऊण फूट आणखी धरा. मीटरमध्ये खेळणाऱ्यांनी १० सेंटिमीटरला साधारण सव्वा मीटर धरावं.

ग्रीन फास्ट असेल तर हाच चढ-उतार जास्त लागतो. स्टिंप १२ वर इंचाला सव्वा फूट धरा, स्टिंप ८ वर १० इंच. ग्रीन जितकं गुळगुळीत तितकं गवत बॉलला कमी धरतं आणि उताराचं जास्त चालतं, म्हणून फास्ट ग्रीनवर सगळंच वाढतं, उतारावरचं घसरणंही आणि ब्रेकही.

एक ट्रॅप इथे आहे. उतारावरच्या पटमध्ये पॉवरची छोटी चूक फार महागात पडते. तोच २० फुटांचा आणि ४ इंचांचा पट घ्या, समजा तुम्ही २ सपाट फूट जास्त मारला. चढावर बॉल दीड-पावणेदोन फूट जास्त जाईल, उतारावर अडीच फूट. उतार आणखी तीव्र असेल तर हा फरक वेगाने वाढत जातो, स्टिंप १० वर साधारण ८ टक्के उताराला बॉल थांबतच नाही आणि स्टिंप १२ वर तर साडेसहा टक्क्यांनाच. म्हणून अ‍ॅप्रोच, म्हणजे बॉल ग्रीनवर आणणारा फटका, मारताना होलच्या खालच्या बाजूला बॉल थांबेल असं बघा, १० फूट खाली राहिलेला बॉल ५ फूट वर राहिलेल्या बॉलपेक्षा बरेचदा परवडतो, निदान फास्ट ग्रीनवर तरी माझं ठाम मत असंच आहे.

५. ग्रिड वाचायला शिका

ग्रिडवरचे ठिपके ज्या दिशेने पळतात तिकडे उतार. ठिपके जितके जोरात पळतात तितका उतार तीव्र. काही गेम ठिपक्यांऐवजी रंग दाखवतात किंवा बाण, पण अर्थ तोच.

बॉलपासून होलपर्यंतच्या पट्ट्याचे मनात तीन भाग करा. पहिल्या भागात बॉल जोरात असतो, तिथले ठिपके कितीही पळू देत, बॉलवर फारसा परिणाम होत नाही. मधला भाग मध्यम. शेवटचा भाग, होलजवळचा, तोच सगळं ठरवतो, कारण तिथे बॉल हळू झालेला असतो आणि उताराला त्याच्यावर काम करायला वेळ मिळतो. एकसारख्या बाजूच्या उतारावर बॉलने अर्धं अंतर पार केलं तेव्हा तो सुरुवातीच्या लाइनपासून एकूण ब्रेकच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याइतकाच सरकलेला असतो, बाकीचं सगळं पुढच्या अर्ध्यात होतं. त्यामुळे बॉलपाशी उजवीकडे आणि होलपाशी डावीकडे असे ठिपके दिसले तर होलपाशी काय चाललंय त्याला जास्त वजन द्या.

कॅमेरा फिरवता येत असेल तर होलच्या मागे जाऊन खालून बघा, आणि एकदा बाजूनेही. बॉलच्या मागून बघितलं की चढ-उतार चपटा दिसतो, बाजूने बरोबर कळतो.

आता उतार टक्क्यांत कसा काढायचा. एमचा मार्कर हलवला की उंचीचा आकडा बदलत असेल तर काम सोपं आहे. मार्कर होलच्या ५ फूट डावीकडे न्या, आकडा बघा, मग ५ फूट उजवीकडे न्या, आकडा बघा. दोन्हीतला फरक १.२ इंच असेल तर बाजूचा उतार १ टक्का, २.४ असेल तर २ टक्के, कारण १० फूट म्हणजे १२० इंच. उतार बदलत असेल तर वाटेत मध्यावर परत एकदा असंच बघा. काही दिवस असं मोजलं की ठिपक्यांचा वेग बघूनच टक्के सांगता यायला लागतात. खऱ्या कोर्सवर होल साधारणपणे ३ टक्क्यांच्या आतल्या उतारावर ठेवतात, त्यामुळे तुम्हाला मुख्यतः १, २ आणि ३ टक्के ओळखता आले तरी पुष्कळ झालं.

६. होलपाशी बॉल किती वेगाने पोचवायचा ते ठरवा

होलचा व्यास सव्वाचार इंच आणि बॉलचा १.६८ इंच. बॉल बरोबर मधून आला तर तो सेकंदाला साधारण १.६ मीटर वेगाने आला तरी आत पडतो, म्हणजे स्टिंप १० वर होल नसता तर आणखी ८ फूट पुढे गेला असता इतका वेग. पण हे फक्त बरोबर मधून आला तर. थोडा कडेने आला की तोच बॉल काठाला चाटून बाहेर जातो. म्हणजे जितका जोरात माराल तितका होल तुमच्यासाठी लहान होत जातो.

दुसऱ्या टोकाला, अगदी होलच्या काठावर मरेल, म्हणजे तिथे पोचता पोचता वेग संपेल, असा मारला तर होल पूर्ण रुंदीचा मिळतो, पण थोडी पॉवर कमी पडली की बॉल अलीकडेच थांबणार, शिवाय ब्रेक सगळ्यात जास्त घ्यावा लागणार.

माझा सल्ला, सुरुवातीला एकच स्पीड ठरवा: होल चुकला तर बॉल १ फूट पुढे जाऊन थांबेल असा. प्रत्येक पटला हाच. तीव्र उतारावर मात्र हा एक फूट सोडून द्या आणि काठावर मरेल असाच मारा. ५ फुटांच्या आतले, कमी ब्रेकचे पट थोडे जोरात मारायला हरकत नाही, म्हणजे एम होलच्या आतच ठेवता येतो. बाकी सगळीकडे एक फूट. एकच स्पीड धरला तर ब्रेकचे आकडे पाठ करता येतात, स्पीड बदलत राहिला तर कधीच होणार नाहीत.

७. आता ब्रेक काढा

पाया म्हणून हे लक्षात ठेवा: १० फुटांचा पट, बाजूचा उतार १ टक्का, स्टिंप १०, बॉल १ फूट पुढे जाईल असा स्पीड, तर एम होलच्या मध्यापासून साधारण ६ इंच वरच्या बाजूला. वरची बाजू म्हणजे जिथून ठिपके येतात ती.

स्पीडचा फरक किती पडतो बघा. हाच पट काठावर मरेल असा मारला तर साडेसात इंच लागतात, ३ फूट पुढे जाईल असा मारला तर चारच्या थोडं वर. पट तोच, ग्रीन तेच, आणि एम मध्ये जवळजवळ दुपटीचा फरक. सुरुवातीला "आधी स्पीड" म्हटलं ते यासाठी.

या पायावरून बाकीचं काढायचं:

उतार दुप्पट तर ब्रेक दुप्पट, २ टक्क्यांना १२ इंच, ३ टक्क्यांना १८.

अंतर दुप्पट तर ब्रेक दुपटीपेक्षा जरा जास्त, २० फूट आणि १ टक्का असेल तर साधारण १३ इंच.

ग्रीन फास्ट तर ब्रेक त्याच प्रमाणात वाढतो, स्टिंप १२ ला ६ चे ७ इंच, स्टिंप ८ ला ५ च्या थोडं खाली.

चढावर ब्रेक कमी, उतारावर जास्त. हे नवीन लोकांना बहुतेक वेळा उलटं वाटतं, की चढावर बॉल हळू होतो म्हणजे जास्त वळेल. पण चढावर तुम्ही सुरुवातच जोरात करता आणि बॉल कमी वेळात होलपाशी पोचतो, उतारावर हळू सोडता आणि तो बराच वेळ रेंगाळत जातो.

एक पूर्ण उदाहरण घेऊ. २० फूट, होल ४ इंच वर, बाजूचा उतार १ टक्का उजवीकडून डावीकडे, स्टिंप १०. पॉवर: २० अधिक ४ अधिक पुढे जायचा १, म्हणजे २५ सपाट फूट. ब्रेक: सपाटला १३ आला असता, चढ आहे म्हणून ११ इंच, एम होलच्या उजवीकडे ११ इंच. आता बॉल दुसऱ्या बाजूला ठेवा, होल ४ इंच खाली, बाकी सगळं तेच. पॉवर: २० वजा ४ अधिक १, म्हणजे १७. ब्रेक साधारण साडेसोळा इंच. दोन्ही पट २० फुटांचेच आहेत, पण पॉवरमध्ये ८ फुटांचा फरक आणि एम मध्ये साडेपाच इंचांचा, म्हणजे होलच्या रुंदीपेक्षा जास्त.

एम इंचात लावता येत नसेल तर होललाच माप करा. होल सव्वाचार इंचांचा, म्हणजे १३ इंच झाले साधारण तीन होल. ग्रिडचे चौकोन किती फुटांचे आहेत ते कळलं तर तेही वापरता येतात, मार्कर एका चौकोनभर सरकवा आणि अंतर किती बदललं ते बघा.

८. वळणाच्या टोकावर एम लावू नका

हा ट्रॅप इतका कॉमन आहे की त्याला वेगळी पायरी दिलीये. टीव्हीवर किंवा प्रिव्ह्यूमध्ये बॉलचा वळणदार रस्ता दिसतो, तो एका जागी सगळ्यात जास्त बाहेर जातो आणि मग होलकडे झुकतो, आणि माणूस म्हणतो, ठीक आहे, त्या टोकावर मारू. बॉल होलच्या खालून, म्हणजे उताराच्या खालच्या बाजूने, निघून जातो. का? कारण बॉल त्या टोकापर्यंत पोचेपर्यंतही वळलेलाच असतो. त्या टोकातून जायला त्याला सुरुवातीला टोकाच्याही बाहेर रोखावं लागतं.

एकसारख्या उतारावर हे टोक अर्ध्या वाटेवर नसतं, जवळजवळ दोन तृतीयांश वाटेवर असतं. आणि बॉलकडून त्या टोकावर सरळ रेघ मारून ती होलपर्यंत वाढवली तर लागणाऱ्या ब्रेकच्या फक्त साठ टक्क्यांच्या आसपासच मिळतो. म्हणजे प्रिव्ह्यूमधलं टोक बघून एम लावला असेल आणि बॉल सतत खालून जात असेल तर एम अजून बराच बाहेर न्या, दीडपटीपेक्षा जास्त.

याच कारणाने, शंका असेल तेव्हा ब्रेक जास्त धरा. वरच्या बाजूने चुकणारा बॉल शेवटपर्यंत होलकडे येत असतो, स्पीड थोडा कमी निघाला तर आत पडूही शकतो. खालून चुकलेला बॉल होलपासून लांबच जात राहतो, त्याला काही संधी नाही.

९. दोन बाजूंचे ब्रेक आणि लांब पट

दोन ब्रेक असलेला पट, आधी डावीकडे मग उजवीकडे, मागून पुढे सोडवायचा. आधी होलजवळचा भाग बघा, बॉल तिथे कुठून आत यायला हवा ते ठरवा, आणि मग त्या जागेपर्यंत पोचायला पहिल्या भागात काय लागेल ते. पहिल्या भागातला ब्रेक निम्म्याहून कमीच धरा, तिथे बॉल वेगात असतो.

४० फुटांच्या पुढे होलमध्ये घालायचा विचारच नको, होलभोवती ३ फुटांचं वर्तुळ धरा आणि त्यात बॉल थांबवा. तिथे ब्रेक एक-दोन फुटांनी चुकला तरी चालतं, पण पॉवर चुकली की तीन पट मारावे लागणार हे ठरलेलं. लांब पटमध्ये ग्रीनचा मोठा टप्पा (उंचवटा) मध्ये येत असेल तर बॉल ते होल हा एकच उंचीचा आकडा पुरत नाही, टप्प्याच्या माथ्यावर मार्कर नेऊन बघा, बॉल आधी माथा तर चढला पाहिजे. माथा बॉलपेक्षा ९ इंच वर आणि होल फक्त २ इंच वर असेल, तर २ इंचांच्या हिशोबाने मारलेला बॉल माथ्याच्या अलीकडेच थांबून परत येऊ शकतो.

ग्रीनच्या कडेच्या जाड गवतातून पट मारत असाल तर तेवढं अंतर जड असतं, थोडी जास्त पॉवर लागते, प्रॅक्टिसमध्ये एकदा मोजून ठेवा.

१०. प्रिव्ह्यू कसा वापरायचा

प्रिव्ह्यू आधी बघायचा नाही. आधी स्वतः पॉवर आणि एम ठरवा, वहीत लिहा, आणि मगच प्रिव्ह्यू चालवून तुमचा आकडा कुठे जातो ते बघा. आधीच बघितला तर गेम उत्तर देतो आणि तुम्ही फक्त बटण दाबता, मग वरच्या लेव्हलला किंवा ऑनलाइन मॅचमध्ये प्रिव्ह्यू बंद झाला की हातात काहीच उरत नाही.

११. चूक झाली तर नक्की कशात ते ओळखा

बॉल खालून गेला म्हणजे ब्रेक कमी धरला असं लगेच ठरवू नका. बॉल होलच्या पुढे किती गेला ते आधी बघा. तोकडा पडला आणि खाली गेला, तर दोष पॉवरचा आहे, एम कदाचित बरोबरच होता. तीन-चार फूट पुढे गेला आणि वरून गेला, तरीही पॉवरच. बरोबर एक फूट पुढे थांबला आणि तरीही बाजूने गेला, तेव्हाच एमला हात लावायचा. आणि बॉल सुरुवातीपासूनच एमच्या लाइनवर निघाला नसेल तर तो हाताचा दोष, वाचण्याचा नाही, त्या पटवरून काहीच निष्कर्ष काढू नका.

वहीत प्रत्येक पटसाठी चार गोष्टी पुरतात: अंतर, उंचीचा फरक, बाजूचे टक्के, आणि बॉल कुठे थांबला. एक-दोन राउंड असे लिहिले की तुमच्या गेमचे स्वतःचे आकडे दिसायला लागतात. समजा इंचाला फूट धरून चढावरचे सगळे पट तोकडे पडतायत, तर तुमच्या गेममध्ये इंचाला १४-१५ इंच असतील, तसं बदला. ६ इंचांऐवजी ७ लागतायत असं दिसलं तर पाया ७ चा करा, बाकीचं प्रमाण तेच राहतं.

नवीन कोर्सवर गेलात की पहिल्या होलच्या आधी, प्रॅक्टिस ग्रीन असेल तर तिथे, नसेल तर पहिल्याच ग्रीनवर, एक सपाट पट नीट मोजा, ठरवलेले फूट आणि प्रत्यक्ष गेलेले फूट. फरक निघाला तर त्या पूर्ण राउंडला पॉवर आणि ब्रेक दोन्हीत तेवढाच फरक धरून खेळा.